समासातील नागमोडी रेघ

संहितेचे संपादन करणाऱ्यांनी प्रोग्रामरांची साधने वापरावीत, असे मत आम्ही अनेकदा मांडले आहे. ते मागे घेत नाही. मात्र एका अनुभवानंतर त्याला मुरड घालणे आवश्यक वाटते.

एका जुन्या गद्यग्रंथाची नवी प्रत सिद्ध करताना आम्ही विम हा कोड एडिटर व त्याला जोडावयाचे गिटगटर हे प्लगिन वापरत होतो. गिट ही लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली निर्मिलेली प्रणाली. मजकुराच्या नोंदवलेल्या अवस्था ती जपून ठेवते. गिटगटर त्या नोंदीशी चालू मजकूर ताडून समासात खुणा करते : ओळ वाढली तर अधिक चिन्ह, बदलली तर नागमोडी रेघ, गेली तर तळाशी आडवी रेघ. (गाळलेल्या मजकुराच्या वाट्याला एवढीशी रेघ यावी, हे आम्हांस प्रथमपासूनच खटकत आले आहे.)

आम्ही जुने अनुच्चारित अनुस्वार काढून १९६२ च्या नियमांप्रमाणे लेखन करीत होतो. परिणामी पानेच्या पाने समास नागमोडी रेघांनी भरून गेला. अशाच एका ओळीत टंकन करताना ‘नाही’ हा शब्द गळाला. लेखकाने जे निक्षून नाकारले होते, तेच आमच्या प्रतीत त्याचे मत होऊन बसले. खूण तेथे होती. पण अनुस्वाराची खूण आणि ‘नाही’ची खूण एकच. चूक सापडली ती एकाने मूळ छापील प्रत मोठ्याने वाचली व दुसऱ्याने पडद्यावर ताडून पाहिली तेव्हा.

दोष प्लगिनचा म्हणता येत नाही. बेल लॅब्जमध्ये १९७४ साली तयार झालेल्या ‘डिफ’पासून या कुळातील साधनांचे एकक ओळ हेच आहे. प्रोग्रामच्या ओळी आखूड असतात, म्हणून तेथे ते शोभते. गद्याचा अख्खा परिच्छेद ही एक ओळ धरली, तर स्वल्पविरामही परिच्छेदभर बदल ठरतो.

येथे भांडारकर संस्थेच्या महाभारताची आठवण होते. १९१९ मध्ये आरंभ होऊन १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या त्या चिकित्सक आवृत्तीतही नागमोडी रेघ आहे. ती संदिग्ध पाठाखाली येते. तेथील रेघ संपादकाने विचारान्ती ओढलेली, आपली शंका वाचकापुढे कबूल करणारी. गिटगटरची रेघ निःशंक असते आणि बदलाची नोंद होताच पुसली जाते. पुढे इतिहास शोधावयाचा तर गिटची ‘ब्लेम’ ही आज्ञा आहे, म्हणजे चक्क दोषारोप! ती ओळीला शेवटचा हात कोणी लावला एवढेच सांगते. अनुस्वार काढणारा त्यामुळे त्या ओळीचा धनी ठरतो. (सबव्हर्जन या दुसऱ्या प्रणालीत याच आज्ञेला ‘प्रेझ’ असे पर्यायी नाव आहे, हा विनोद आम्हांस आवडला.)

आता आम्ही प्रत्येक वाक्य स्वतंत्र ओळीवर ठेवतो. शुद्धलेखनाचे बदल आधी एकटे करून नोंदवतो. समास कोरा झाल्यावरच अन्य दुरुस्त्यांना हात घालतो. पाठसंपादन शिकवणाऱ्या अध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या हाती हे साधन द्यावे. पण मोठ्याने वाचून ताडण्याचा तास वेळापत्रकातून काढू नये. आमच्या प्रतीचे उर्वरित प्रकरण आम्ही तसेच, दोघे बसून, वाचतो आहोत.