सकाळी गोठा, दुपारी व्याकरण

माझ्या आयुष्यातला पहिला हिब्रू शब्द मी मोसंबीच्या बागेत वाचला, आणि तो हिब्रू आहे हे कळायला मध्ये वीस वर्षं गेली. पाचोडला काकांच्या बागेत ठिबकची काळी नळी अंथरलेली होती. तिच्यावर छापलं होतं, नेटाफिम. दिसेल ते इंग्रजी अक्षर जोडून वाचायचं वय ते. काकांना विचारलं, म्हणजे काय? काका म्हणाले, "कंपनीचं नाव हाय. तू नळी तुडवू नको."

परवा मोबाईलवर धडा गिरवताना उलगडा झाला. नेटाफिम म्हणजे थेंब, अनेकवचन. ही कंपनी १९६५ साली बीरशेबाजवळच्या हत्झेरीम नावाच्या किबुत्झने काढली. किबुत्झ म्हणजे सामाईक वस्ती: जमीन सगळ्यांची, स्वयंपाकघर एक, कमाई एकत्र (निदान पूर्वी तरी. आता बहुतेक ठिकाणी ज्याचा त्याचा पगार वेगळा असतो).

आता तुम्ही म्हणाल, पुण्यात आयटीत काम करणाऱ्या पाचोडच्या पोराला शनिवारी सकाळी हिब्रूचं काय खूळ? तर त्याला कारण आमच्या टीममधला एक मित्र. तो बेने इस्राएली, मूळचा ठाण्याचा. त्याची आत्या सत्तरच्या दशकात इस्राएलला गेली. एकटी, वय वीस. तिला हिब्रू शिकायला एका किबुत्झवर पाठवलं. मित्राने एकदा व्हिडिओ कॉलवर गाठ घालून दिली. आत्या अस्सल ठाण्याच्या मराठीत म्हणाल्या, "अरे, सकाळी गोठा आणि दुपारी व्याकरण. पाच महिने. तिसऱ्या आठवड्यात मी गाईवर हिब्रूत ओरडायला लागले, आणि गाय ऐकायला लागली!"

माझ्या अ‍ॅपवर सलग त्रेचाळीस दिवस झालेत. मला "मुलगा सफरचंद खातो" एवढं म्हणता येतं. गाय काही ऐकेल असं वाटत नाही.

या प्रकाराला उलपान म्हणतात. पहिलं उलपान १९४९ साली जेरुसलेमला निघालं. नवा देश, लोक येतायत पोलंड, मोरोक्को, इराक, येमेन आणि आमच्या अलिबागहून, एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही. मग हीच कल्पना किबुत्झवर नेली: अर्धा दिवस काम, अर्धा दिवस वर्ग. कामाच्या बदल्यात राहणं, जेवण आणि शिकवणी. पहिले शब्द पुस्तकातून येत नाहीत, भांडी घासण्याच्या जागेतून येतात. आण, ठेव, थांब, गरम आहे. माईम म्हणजे पाणी, लेहेम म्हणजे पाव, हालाव म्हणजे दूध. कामाला शब्द आहे अवोदा, आणि गंमत म्हणजे देवळातल्या उपासनेलाही जुना शब्द तोच.

मराठी माणसाला ही भाषा तशी परकी नाही, असं माझं त्रेचाळीस दिवसांचं (अति)शहाणपण सांगतं. इंग्रजांची फे फे उडते ती क्रियापदाच्या लिंगापाशी. आपल्याला त्याचं काय? मी मागतो, मी मागते, तसंच अनी रोत्झे आणि अनी रोत्झा. आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना तर आणखी सोपं. हॉटेलातल्या बिलाला तिकडे हेश्बोन म्हणतात, म्हणजे आपल्या हिशोबाचा सख्खा भाऊ. कातव म्हणजे लिहिलं, आणि किताब त्याच घराण्यातला. सलाम आणि शालोम हे तर सगळ्यांनाच माहीत.

हिशोब शब्द मी आबांकडून, आजोबांकडून, उचलला. आबा निजामाच्या राज्यात जेवढं शिकले तेवढं उर्दूत शिकले. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि आबांची शाळेतली भाषा चौदाव्या वर्षी बिनकामाची झाली. पुढे आयुष्यभर ते दुकानाची वही उर्दूत लिहायचे, आणि ते गेल्यावर कुणाकडून किती येणं आहे ते घरात एकालाही वाचता येईना. वडील मराठीत शिकले. मी बारावीपर्यंत अर्धामुर्धा आणि पुढे इंजिनिअरिंग अख्खं इंग्रजीत. तीन पिढ्या, तीन भाषा. म्हणून भाषा कशी येते आणि कशी जाते हा माझ्यासाठी नुसता टाइमपासचा विषय नाही.

माझं इंग्रजीच बघा. चार वर्षं कॉलेजात स्लाईडी उतरवल्या, पेपर लिहिले, फर्स्ट क्लास काढला. बोलता येत होतं? छे. व्हायवाला घाम फुटायचा. इंग्रजी आलं ते पहिल्या प्रोजेक्टवर, रात्री दोन वाजता, सर्व्हर पडलेला, पलीकडे क्लायंट आणि या बाजूला मी एकटा. तिथे व्याकरण कोण बघतो! जे तोंडाला येईल ते बोललो. समोरच्याला माझ्या भाषेची नाही, माझ्या उत्तराची गरज होती. तो माझा गोठा.

म्हणून मला वाटतं, भाषा आधी शिकवायची आणि मग काम द्यायचं हा क्रमच उलटा आहे. एलिएझर बेन येहुदाने १८८१ साली जेरुसलेमला जाऊन घरात फक्त हिब्रू बोलायची असं ठरवलं. पुढच्या वर्षी झालेल्या पोराच्या कानावर दुसरी भाषा पडू द्यायची नाही म्हणून बापाने जो छळ मांडला, तो वाचून अंगावर काटा येतो. पण प्रार्थनेतली भाषा दूध उतू जातंय हे सांगायला लागली ती तिथून. आमच्या शेजारच्या पैठणला नाथांनी सोळाव्या शतकात नेमका उलटा प्रवास केला होता, स्वयंपाकघरातली भाषा भागवतापर्यंत नेली. दोघांनाही शहाण्यांच्या शिव्या खाव्या लागल्या, हे साम्य.

आता दुसरी बाजू. ती लपवली तर आत्यांशी बेइमानी होईल.

बेने इस्राएल लोकांना हिब्रूची तोंडओळख मराठीतून झालेली होती. विल्सन कॉलेजवाले जॉन विल्सन यांनी १८३२ साली मुंबईत हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या रात्री वाचायचा हागादा निघाला, हिब्रू आणि मराठी दोन्हींत. एवढी तयारी करून गेलेल्या माणसांचं तिकडे काय झालं? बहुतेकांच्या वाट्याला किबुत्झ आलाच नाही. बीरशेबा, दिमोना, अशदोद अशी वाळवंटातली नि कडेची गावं आली. रंगावरून दुजाभाव झाला. १९५१-५२ मध्ये काहींनी तेल अवीवला धरणं धरलं, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून, आणि काही खरंच परत आले. १९६२ साली तिथल्या धर्मपीठाने यांच्याशी लग्न लावण्याआधी कुळाची चौकशी करा असा फतवा काढला. १९६४ साली हे लोक जेरुसलेमच्या रस्त्यावर बसले, तेव्हा कुठे संसदेने ठराव केला की हे सर्वार्थाने ज्यू आहेत. भाषा आली म्हणून माणूस आपला झाला, असं काही आपोआप होत नाही.

शिवाय उलपान कोणासाठी? ज्याला देश ठेवून घेणार आहे त्याच्यासाठी. आज किबुत्झच्या बागांत बरंचसं काम थाई मजूर करतात. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यात मारले गेलेल्यांत आणि ओलीस नेलेल्यांत तेही होते. २०२४ पासून आपल्याकडचे बांधकाम मजूरही तिकडे जातायत. यांना कोणी अर्धा दिवस पगारी वर्गात बसवत नाही. आणि काही किबुत्झ ज्या जमिनींवर उभे आहेत तिथे १९४८ पर्यंत अरब गावं होती, तिथली भाषा कुणी शिकली? असो. हा विषय एका शनिवारात मावणारा नाही.

आत्यांच्या नातवंडांना मराठी येत नाही. तिकडच्या लोकांनी 'मायबोली' नावाचं मराठी त्रैमासिक चालवलं, पण घरात हिब्रू शिरली की त्रैमासिक काय करणार? कॉल चालू असताना मागे पोरं कालवा करत होती. आत्या वळून म्हणाल्या, "थांब!" पोरं थांबली. एवढा शब्द मात्र त्यांना कळतो.

हे सगळं आठवायचं कारण आपल्याकडचा मराठीचा वाद. २०२५ साली मीरा रोडला दुकानदाराला मराठीवरून मारहाण झाली, त्यावर आमच्या ऑफिसात दोन दिवस कँटीन पेटलेलं होतं. मी मराठीच्या बाजूने. पण मला एक सांगा, बारा तासांची ड्युटी करणारा आमच्या सोसायटीचा वॉचमन मराठी कधी शिकणार? कुठे? कोणाच्या पैशाने? उलपान चाललं कारण शिकण्याच्या तासांत जेवण आणि छप्पर धरलेलं होतं. आपल्याला तो स्वतःच्या झोपेतून फुकट शिकायला हवाय. कंपन्या फ्रेंच, जपानी शिकायला पैसे देतात, मराठीला एक तास देऊन बघा म्हणावं.

आणि दुसरा दोष आपला. पाचोडच्या मोसंबी मार्केटला माल भरायला एक बिहारी भैया यायचा. दोन हंगामांत मस्त मराठी बोलायला लागला. "दादा, कॅरेट सरकवा की, गाडी लागली." कारण तिथे कोणी त्याच्यासाठी हिंदीत शिरायला रिकामा नव्हता. काकांना हिंदी येतच नव्हतं! पुण्यात आम्ही मात्र समोरचा जरा अडखळला की लगेच "हां हां, बोलो". माझा रूममेट ओडिशाचा. तीन वर्षं एका खोलीत राहतोय आणि त्याला फक्त "बास झालं" येतं, तेही मी भात वाढतो म्हणून. यात त्याची काय चूक? तीन वर्षं त्याला मी एक वाक्य दिलं नाही.

काल रात्री त्याच्याशी बोललो. तो हसला, पण तयार झाला. अट घातली की मग स्वयंपाक ओडियात करायचा. त्यामुळे सोमवारपासून आमच्या खोलीत कांदा चिरणं ओडियातून आणि भांडी घासणं मराठीतून. पहिल्या दिवसाचा शब्द मी ठरवून ठेवलाय: घासणी.