खेळणं की संगणक?

दोस्तांनो, 'संगणकाशी गट्टी'च्या टपालात या आठवड्यात भोरहून एक जाडजूड पाकीट आलं. आत एकच पत्र, पण हस्ताक्षरं तीन! निळ्या शाईतलं आठवीतल्या चौदा वर्षांच्या ताईचं, पेन्सिलीतलं वेल्ह्याला राहणाऱ्या तिच्या अकरा वर्षांच्या आतेभावाचं, आणि तळाशी आईच्या चार ओळी.

झालंय असं, की परदेशातून आलेल्या काकाने (म्हणजे भावाच्या मामाने) दोघांत मिळून एक 'स्टीम डेक' आणलाय. पंधरा दिवस तो भोरला, पंधरा दिवस वेल्ह्याला. काका परत गेला आणि प्रश्न मागे ठेवून गेला. आई लिहिते, "एवढ्या पैशांत म्हैस आली असती. हे खेळणं आहे की संगणक? ठेवावं की विकावं?"

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात शेवटी देतो. आधी मुलांचे प्रश्न घेऊ.

बटण दाबलं तरी काहीच होत नाही. बिघडलाय का?

बहुधा नाही. नवा डेक खोक्यात गाढ झोपलेला असतो. चार्जर लावला की जागा होतो. मात्र चार्जर परदेशी आहे ना? मग त्याच्या अंगावर '१००-२४० व्होल्ट' असं छापलंय का, ते आधी वाचा. असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो बिनधास्त चालेल, फक्त पिन बदलणारा अडॅप्टर लागेल. साधा फोनचा चार्जर डेकला पुरत नाही. त्याला ४५ वॉटचा, टाइप-सी पिनचा चार्जर हवा.

पहिल्या दिवशी इंटरनेट हवंच. भाषा, वेळ, वाय-फाय असं एकेक विचारत तो स्वतःची नवी आवृत्ती उतरवून घेतो. म्हणून हे काम वेल्ह्याला न करता भोरलाच उरकून घ्या.

खातं कुणाच्या नावाने उघडायचं?

स्टीमचा नियम असा, की तेरा वर्षांखालच्यांनी खातं उघडायचं नाही. ताई चौदाची, तिचं चालेल. धाकट्यासाठी मात्र घरातल्या मोठ्या माणसाचंच खातं हवं. वय खोटं लिहू नका हं! २०२४ पासून 'स्टीम फॅमिलीज' अशी सोय आहे. त्यात एका घरातले सहा जण येतात, आणि कुणी किती वेळ खेळायचं, काय विकत घ्यायचं, ते मोठी माणसं ठरवू शकतात. आणि बँकेच्या कार्डाची माहिती यंत्रात साठवून ठेवू नका. खेळाच्या भरात बोट कुठे पडेल, सांगता येत नाही.

आमच्याकडे वेल्ह्याला घरात रेंजच येत नाही. खेळ चालतील का?

हा पेन्सिलवाला प्रश्न मला फार आवडला. उत्तर आहे, चालतील. पण तयारी भोरला करायची. ट्रेकला निघताना आपण शिधा घरूनच बांधून घेतो की नाही? तसंच हे.

पहिलं, खेळ पूर्ण उतरवून घ्या. तेही फोनच्या पॅकवर नको. पन्नास जीबीचा खेळ रोजच्या दीड जीबीने उतरवायचा म्हटला तर किती दिवस लागतील? करा भागाकार. तेहेतीस दिवसांहून जास्त! तोवर भावाची पाळी येऊन जाईल. दुसरं, प्रत्येक खेळ इंटरनेट चालू असताना एकदा तरी उघडा. पहिल्या वेळी तो काही आवश्यक गोष्टी मागवून घेतो. तिसरं, स्टीममधला 'ऑफलाइन मोड' चालू करा, वाय-फाय बंद करा आणि भोरमध्ये बसूनच खेळून बघा. ही रंगीत तालीम. इथे चालला तर तोरण्याच्या पायथ्यालाही चालेल. एस.टी.त बसल्यावर आठवून उपयोग नाही.

इंटरनेटवरून इतरांशी खेळायचे खेळ अर्थातच तिथे चालणार नाहीत. काही तर डेकवर मुळात चालतच नाहीत. म्हणून घ्यायच्या आधी खेळापुढची खूण बघा. हिरवी बरोबरची खूण असेल तर उत्तम, पिवळी असेल तर चालतो पण थोडी खटपट पडते.

पावसात आमच्याकडे लाइट फार जाते. बॅटरी किती वेळ पुरते?

त्याचंही गणितच आहे. पहिल्या, म्हणजे २०२२ सालच्या डेकची बॅटरी ४० वॉट-तासांची. भारी खेळ २० वॉट खात असेल, तर ४० भागिले २०, म्हणजे दोन तास. साधा खेळ ८ वॉट खात असेल तर पाच तास. उजवीकडे खाली तीन टिंबांचं बटण आहे. ते दाबून पडद्याचा उजेड कमी करा आणि चित्रांचा वेग सेकंदाला तीसवर आणा. बॅटरी जास्त टिकेल. दोन पथ्यं मात्र पाळा. गोधडीत शिरून खेळू नका, कारण आतला पंखा पाठीमागून हवा ओढतो आणि वरून गरम हवा सोडतो, त्याचा श्वास कोंडतो. आणि विजा कडाडत असतील तर चार्जर काढून ठेवा.

जागा संपली. आजोबांच्या जुन्या फोनमधलं मेमरी कार्ड आहे, ते घालू का?

थांबा! हे वाचून मी खुर्चीतून उठलोच. पुढची ओळ अशी आहे : "आजोबा मागच्या वर्षी गेले. कार्डात त्यांचे आणि शेताचे फोटो आहेत."

मुलांनो, खेळ ठेवण्यासाठी डेक कार्डाला 'फॉरमॅट' करतो. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. एक बटण दाबलं, की आजोबांचे फोटो गेले. आमच्या घरी असंच एका लग्नाचं कार्ड पुसलं गेलं. नंतर कितीही हळहळलं तरी फोटो परत आले नाहीत.

आता गंमत ऐका. हेच यंत्र ते फोटो वाचवूही शकतं! चालू-बंदचं बटण दाबून धरा. यादी येईल, त्यात 'स्विच टू डेस्कटॉप' निवडा. खेळांची चित्रं जाऊन साध्या संगणकासारखा पडदा समोर येईल. आता कार्ड घाला. 'फॉरमॅट' शब्द कुठेही दिसला तर हात मागे. 'डॉल्फिन' नावाच्या खिडकीत कार्ड उघडा, फोटोंची प्रत डेकमध्ये करा, दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर. दोन्हीकडचे दहा-बारा फोटो उघडून पाहा. मग कार्ड काढून आजीकडे द्या. खेळांसाठी नवं कार्ड घ्या. आजोबांचं पुसू नका, प्रती झाल्या तरी.

आता ताई, तुमचा प्रश्न. १९८९ चा 'गेम बॉय' चार पेन्सिल सेलवर चालायचा आणि फक्त खेळ खेळवायचा. ते खेळणं होतं. डेक मात्र पुरता संगणक आहे, फक्त वेष गेमचा. त्याच्या आत लिनक्स आहे. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, लिनस टॉर्व्हल्ड्सने, ते लिहायला घेतलं आणि सगळ्यांसाठी खुलं केलं. कीबोर्ड-माउस जोडा, छोट्या हबने टीव्हीला लावा, 'लिब्रेऑफिस' फुकट उतरवा, की निबंध, हिशेब, प्रकल्प सगळं त्यावर होईल.

म्हणून माझं मत, विकू नका. पण नियम घाला. खेळाइतकाच वेळ डेस्कटॉपवर काहीतरी घडवायचं. आणि ज्यांच्या घरी असं यंत्र नाही, त्यांनी हट्ट मुळीच धरू नये. अभ्यासापुरता साधा संगणकही पुष्कळ झाला.

भोर-वेल्ह्याच्या जोडगोळीला पहिलं काम मी देतो. आजोबांचे फोटो वाचले, की आजीला शेजारी बसवा. कोणता फोटो कोणत्या शेतातला, कोणत्या सालच्या लावणीचा, ती सांगेल. तुम्ही प्रत्येकाखाली दोन ओळी मराठीत लिहा. झालं की मला कळवा. पत्रात हस्ताक्षरं चार असली तर जास्त आनंद होईल!