आधी कापा, मग पाठवा

द्राक्षाच्या फळछाटणीनंतर फुटवे तीन-चार पानांवर आले आणि पाऊस झाला, की दिंडोरी तालुक्यातल्या सल्लागारांचे मोबाइल फोटोंनी भरून जातात. मोहाडी, जानोरी, खेडगाव, लखमापूर, कुठलाही प्लॉट घ्या, प्रश्न एकच: डावणी रोग आहे का? २०१९ मध्ये परतीचा पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला, तेव्हा उत्तराला झालेला उशीरही घडांवर बेतत होता.

पण फोटो येतो तो अख्ख्या ओळीचा. तारा, ठिबकच्या नळ्या, आभाळ आणि कोपऱ्यात कुठेतरी ते शंकेचं पान. साध्या १२ मेगापिक्सेलच्या फोटोची लांब बाजू ४००० पिक्सेलची असते. व्हॉट्सॲप एरवी ती साधारण १६०० वर आणतं. म्हणजे सहा पिक्सेलांतला जेमतेम एक उरतो. मूळ फोटोत ५०० पिक्सेल रुंद असलेलं पान २०० वर येतं. त्यात जेपेग पद्धत उजेड-अंधार बऱ्यापैकी जपते, रंगातला बारीक फरक मात्र आधी सोडून देते. डावणीचा सुरुवातीचा तेलकट डाग म्हणजे हिरव्यावर फिकट पिवळा, निव्वळ रंगाचाच फरक! पानाखालची पांढरी बुरशी आणि फवारलेल्या बोर्डो मिश्रणाचा वाळलेला डाग अशा फोटोत सारखेच दिसतात. त्यावरून औषध सांगणं म्हणजे अंदाजपंचे.

मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवता येते, ऑगस्ट २०२३ पासून एचडीचीही सोय आहे. पण मळ्यात रेंज असते का? चार-पाच एमबीची फाइल फिरतच राहते. त्यापेक्षा गॅलरीत फोटो उघडून फक्त पान ठेवा, बाकीचं कापा. फाइल हलकी होते आणि पानाचे ५०० पिक्सेल जसेच्या तसे पोचतात. स्क्रीनशॉट नको. मोबाइल पानाला चिकटवूनही नको, फोकस सुटतो; वीतभर अंतरावरून काढा आणि मग कापा. वरची बाजू, खालची बाजू, दोन्ही हवीत. पूर्ण वेलीचा फोटो वेगळा, तो लहान झाला तरी चालेल.

साध्या फोटोसोबत त्यातली तारीख आणि ठिकाणाची नोंद जात नाही. तेव्हा खाली वाण, छाटणीनंतरचा दिवस आणि शेवटची फवारणी लिहा. आणि सल्लागारहो, धूसर फोटोवर औषधाचं नाव टाकू नका, दुसरा फोटो मागवा. बागायतदार क्षणभर वैतागेल, पण नको असलेली एक फवारणी वाचेल, आणि निर्यातीच्या मालात तर औषधाच्या अंशांच्या तपासणीचा एक घोरही.