कामगाराच्या डब्यात भाकरीला स्थान हवे

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पुढे भोसरी व चाकण परिसरात औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. म्हाळुंगे, निघोजे, खालुंब्रे यांसारख्या गावांतील अनेक घरांत आज एक भाऊ शेतावर, तर दुसरा पाळीने कारखान्यात जातो. घरात रोख पैसा आला, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु पाळीच्या घाईत वडापाव, पाव व चहा-बिस्किटे यांवर भूक भागविली जाते आणि घरची बाजरी विकून मैद्याचे जिन्नस विकत आणले जातात. हा व्यवहार सोयीचा असला, तरी आरोग्याच्या दृष्टीने तोट्याचा आहे.

धान्य, कडधान्ये, भाज्या व फळे यांतील जो तंतुमय भाग शरीरात पचत नाही, त्यास चोथा म्हणतात. पचत नाही म्हणून तो निरुपयोगी, ही समजूत चुकीची आहे. चोथ्यामुळे शौचास साफ होते, भूक लवकर लागत नाही व जेवणातील साखर रक्तात सावकाश उतरते. आतड्यातील उपयुक्त जंतूंचेही तो खाद्य आहे. मधुमेह व हृदयविकार दूर ठेवण्यास अशा आहाराची मदत होते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार, दोन हजार कॅलरींच्या आहारात सुमारे ३० ग्रॅम चोथा असावा. शंभर ग्रॅम बाजरीत तो सुमारे साडेअकरा ग्रॅम, ज्वारीत दहा ग्रॅम, तर मैद्यात व पांढऱ्या तांदळात जेमतेम तीन ग्रॅम असतो. दीडशे ग्रॅम बाजरीच्या पिठाच्या भाकरी, चाळीस ग्रॅम अख्ख्या मुगाची उसळ आणि एक मध्यम पेरू एवढ्यानेच दिवसाची गरज बहुतांशी भागते. यांतील एकही वस्तू दुर्मिळ वा महाग नाही.

‘भाकरी हे गरिबाचे अन्न’ हा समज सोडावयास हवा. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. डब्यात भाकरी कडक होते, ही तक्रार मात्र खरी आहे. पीठ गरम पाण्यात मळावे आणि भाकरी स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवावी; ती पुष्कळ वेळ मऊ राहते. बाजरीचे पीठ लवकर कडवट होते, म्हणून आठवड्यापुरतेच दळून आणावे. गव्हाचे पीठ चाळून कोंडा टाकून देऊ नये. आहारातील हा बदल हळूहळू करावा व सोबत पाणी भरपूर प्यावे. एकदम केल्यास पोट फुगते. आतड्याचा विकार असणाऱ्यांनी प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी बियाणे व खते यांविषयी सांगताना घरच्या ताटाविषयीही बोलावे. अंगणवाडी सेविका व महिला मंडळे यांचे सहकार्य घ्यावे. कारखान्यांच्या उपाहारगृहांतून भाकरी-उसळ मिळू लागल्यास कामगारांचे हित साधेल आणि खेड तालुक्यातील बाजरीस जवळच गिऱ्हाईक मिळेल. शेतकरी बंधूंनी सर्व बाजरी बाजारात न नेता वर्षाच्या भाकरीपुरती घरी राखून ठेवावी. पगाराने घर चालते. पण तो पगार मिळविणारे शरीर निरोगी ठेवण्याचे काम घरच्या धान्यानेच होणार आहे.