फोटो पुरे, आलेख दाखवा

परवा पुन्हा तेच. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भल्या पहाटे ‘कृष्णविवरातून येणारा ओंकार’ अवतरला आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. २०२२ साली नासाने ऐकवलेली हीच ती ध्वनिफीत. मूळ लहर ययाति दीर्घिकासमूहातल्या तप्त वायूची. तिचा एक हेलकावा पुरा व्हायला जवळपास एक कोटी वर्षं लागतात. ५७-५८ सप्तकं वर चढवली तेव्हा कुठे ती आपल्या कानाला ऐकू आली. ओंकार कुणी भरला, ते नासालाही ठाऊक नसावं.

माझा राग ओंकारावर नाही, फोटोवर आहे. या सदराच्या जुन्या वाचकांना माझं हे दुखणं माहीत आहे. आपल्याकडे खगोलशास्त्र म्हणजे रंगीत फोटो आणि आलेख म्हणजे दहावीच्या पुरवणीला जोडायचा कागद. मराठी मुलं भौतिकशास्त्रापासून पळतात ती याच पायी, असं माझं ठाम मत आहे. पुरावा मागू नये.

आता हाच ययाति समूह घ्या. नासाच्या चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने त्याच्याकडे सगळे मिळून सुमारे १४ लाख सेकंद टक लावून पाहिलं. चित्र देखणं आलं. मधल्या दीर्घिकेतल्या कृष्णविवराने वायूत पोखरलेले बुडबुडे आणि त्यांच्याभोवती तरंगांची वलयं त्यात दिसतात. पाहणाऱ्याला वाटावं, तिथे नुसता हलकल्लोळ चालू आहे. पण दादरच्या पुलाचा फोटो पाहून गर्दी किती ते कळतं, कोण किती वेगाने चाललंय ते कळत नाही.

वेग सांगितला तो हितोमीने. हा जपानी उपग्रह १७ फेब्रुवारी २०१६ रोजी उडाला आणि २६ मार्चला स्वतःभोवती गरगरत मोडून पडला. त्यावरचा उष्णतामापक म्हणजे अवघे ३६ ठिपके, निरपेक्ष शून्याच्या वर एक विसांश अंशावर गारठवलेले. क्ष-किरणाचा एक कण आदळला की ठिपका किंचित तापतो आणि त्या तापण्यावरून कणाची ऊर्जा मोजायची. चंद्राच्या सीसीडी कॅमेऱ्याला ऊर्जेच्या आलेखात वायूतल्या लोखंडाची जी खूण एकच जाड उंचवटा म्हणून दिसते, ती इथे सुट्या, टोकदार रेषांत फुटली. वायू जितका घुसळलेला, तितक्या या रेषा रुंद. रुंदीवरून वेग निघाला सेकंदाला १६४ किलोमीटर. ऐकायला मोठा, पण सुमारे पाच कोटी अंश तापलेल्या वायूत या घुसळणीचा दाब उष्णतेच्या दाबाच्या जेमतेम चार टक्के भरतो. हलकल्लोळ कसला, तिथे बऱ्यापैकी शांतता आहे.

एवढ्याने एक सोपं उत्तर अडचणीत आलं. क्ष-किरण फेकून फेकून हा वायू निवायला हवा, मध्यभागी साचून त्याचे ढिगाने तारे व्हायला हवेत. तसं होत नाही, कारण कृष्णविवर त्याला तापवत राहतं. पण ती ऊर्जा दूरवर नेतं कोण? घुसळण नेते म्हणावं, तर इतकी मंद घुसळण लांब पोचण्याआधीच विरून जाणार. मग तरंग नेतात का? खरा प्रश्न हा आहे आणि ओंकाराच्या त्या फॉरवर्डमध्ये त्याचा मागमूस नाही.

असा उष्णतामापक अवकाशात चालवण्यासाठीची जपान्यांची चिकाटी मात्र विलक्षण. २००० साली रॉकेटच फसलं. २००५ मध्ये सुझाकू उपग्रहावरचा, उष्णतामापक गार ठेवणारा हेलियम काही आठवड्यांत उडून गेला. मग हितोमी. २०२३ मध्ये क्रिझम हा उपग्रह गेला, तर उष्णतामापकासमोरची झडप उघडेना! तिच्यातल्या बेरिलियमच्या पातळ खिडकीतून लोखंडाच्या रेषा मात्र आरपार येतात. तेवढ्यावर त्यांनी नरतुरंग समूहात वायू सेकंदाला १३० ते ३१० किलोमीटर वेगाने हिंदकळताना पकडला.

आपल्या ॲस्ट्रोसॅटवरची मृदू क्ष-किरणांची दुर्बीण कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये घडली. काम चोख, पण तिच्यातही सीसीडीच. पुढच्या भारतीय क्ष-किरण उपग्रहावर उष्णतामापक हवा. अतिशीत यंत्रणा महाग पडेल, मोहीम एकदा-दोनदा फसेलही, तरी हवा. उद्घाटनाच्या बॅनरवर काय छापायचं, ती चिंता मंत्रीमहोदयांनी वाहावी.