नववे दार

देहाला नऊ दारांचे नगर म्हणण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. कीर्तनकार ही दारे श्रोत्यांना बोटांवर मोजून दाखवतात. दोन डोळे, दोन कान, दोन नाकपुड्या, एक तोंड. सातापर्यंत बुवांचा आवाज खणखणीत असतो. आठव्यापाशी तो थोडा उतरतो आणि नवव्यापाशी बुवांना हटकून खोकला येतो. मराठीचा अध्यापक या नात्याने मला त्या खोकल्याचे फार कुतूहल वाटते.

गंमत अशी, की कीर्तनात खोकणारा हा समाज भिंतींवर मात्र मुळीच लाजत नाही. आमच्या पिंप्राळ्याहून जळगावच्या बसस्थानकापर्यंत चालत या. मूळव्याध, भगंदर, 'विनाऑपरेशन खात्रीशीर इलाज', असे रंगवलेले वाचता वाचता रस्ता सरतो. त्या दाराचे दुखणे आपल्याला ठाऊक आहे. फक्त त्याला नाव एकच. रक्त पडले, मूळव्याध. गाठ लागली, मूळव्याध. खाज सुटली तरी मूळव्याधच, आणि सगळा दोष शेवभाजीच्या तिखटाला! खानदेशी माणसाला यापुढचे निदान लागत नाही.

'अहो, दिवाळीच्या अंकात, चकलीच्या ताटाशेजारी, हा विषय कशाला?' असे एखादी वहिनी विचारील. तिचे म्हणणे रास्त आहे. पण ऐकून तर घ्या.

पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता पस्तिशी ओलांडलेला. त्याला एचआयव्हीची लागण असल्याचे मला ठाऊक होते. रोजची गोळी चुकवत नाही, नोकरी करतो, आईला सांभाळतो. चहा गार झाला तरी गडी कपाला हात लावीना. शेवटी म्हणाला,

"सर, एक शब्द हवा होता."

"कशासाठी रे?"

"डॉक्टरांना सांगायला. सहा महिने रक्त जातंय. केंद्रावर वजन घेतात, रक्त तपासतात, खोकला आहे का विचारतात. तिथलं कुणी विचारत नाही, आणि मला सांगता येत नाही. आमच्या घरात त्याला शब्दच नाही."

मी म्हणालो, "गुदद्वार म्हण."

"ते पुस्तकात, सर. तोंडातून निघत नाही."

"मग 'शौचाच्या जागेतून रक्त येतं' एवढंच सांग. डॉक्टरांना व्याकरण लागत नाही."

तो गेला आणि त्याने सांगितले. रक्त मूळव्याधीचेच निघाले. पण तपासताना शेजारी बदललेल्या पेशींचा एक डाग सापडला. कर्करोग नव्हे, त्याची पूर्वतयारी. मुंबईला जाऊन त्याने तो काढून घेतला.

त्यानंतर मी या विषयाचे वाचन केले. भारतात एचआयव्ही प्रथम आढळला तो १९८६ साली, मद्रासला. तेव्हा त्याचा अर्थ मृत्यू असाच होता. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत औषधे देण्यास सुरुवात केली आणि वेळेवर औषध घेणारी माणसे म्हातारपण पाहू लागली. आयुष्य लांबले, तसे सावकाश येणारे रोगही आले. त्यांतलाच एक गुदद्वाराचा कर्करोग. याचे मूळ तिखटात नसून एचपीव्ही नावाच्या विषाणूत आहे. दहातल्या नऊ रुग्णांत तोच सापडतो. स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचा कर्करोगही त्याचाच. बहुतेकांच्या शरीरातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. प्रतिकारशक्ती खचलेल्यांच्या अंगात मात्र मुक्काम ठोकतो. सर्वसाधारण लोकांत हा कर्करोग लाखात वर्षाला एक-दोघांना होतो. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांत हे प्रमाण लाखात सुमारे २२, आणि पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या एचआयव्हीबाधित पुरुषांत सुमारे ८५ आहे.

पूर्वतयारीतच तो डाग काढला तर कर्करोग टळतो का? या प्रश्नाचे उत्तर २०२२ साली अमेरिकेतून आले. असे डाग असलेल्या, पस्तिशीपुढच्या ४,४४६ एचआयव्हीबाधितांचे दोन गट केले. एका गटाचे डाग काढले, दुसऱ्यावर नुसती बारीक नजर ठेवली. पहिल्यात कर्करोगाचे ९ रुग्ण निघाले, दुसऱ्यात २१. धोका निम्म्याहून अधिक घटला. तपासणी पाहावी तर साधी. आधी बोळ्याने पेशी टिपणे, मग बोटाने चाचपणे. शंका आल्यास व्हिनेगरचे पाणी लावून भिंगातून पाहणे. बिघडलेली जागा पांढरी दिसते.

व्हिनेगरची ही युक्ती महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला आणि त्यांतल्या सुमारे निम्म्या स्त्रियांवर ती गर्भाशयमुखासाठी वापरली. खास शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी ती तपासणी केली, आणि त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ साली जाहीर झाले. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले. आपल्या खेड्यांतल्या बायाबापड्यांनी संकोच गिळला म्हणून हे जगाला कळले. पुरुषांनी त्यांच्याकडून एवढे तरी शिकावे.

भिंगाची तपासणी आपल्याकडे अजून मोजक्याच ठिकाणी होते, हे खरे. पण बोटाची तपासणी कोणताही डॉक्टर करू शकतो. तिला यंत्र लागत नाही. रोग्याने तोंड उघडावे लागते, आणि डॉक्टरने विचारावे लागते. एचआयव्ही असलेल्या पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांनी आणि तृतीयपंथी स्त्रियांनी पस्तिशीपासून, इतर एचआयव्हीबाधितांनी पंचेचाळिशीपासून ही तपासणी करून घ्यावी, असा या विषयाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा २०२४ चा सल्ला आहे. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी तर पंचविशीपासूनच करावी. एचपीव्हीची लस पुण्यातच तयार होते. ती मुलींप्रमाणे मुलांनाही चालते.

प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे 'समाजस्वास्थ्य' चालवले. शरीराबद्दल सरळ मराठीत लिहिले म्हणून त्यांच्यावर खटले झाले. आज खटला कोणी भरत नाही. आज आपल्याला अडवते ती घरातली कुजबूज. २०१७ च्या कायद्याने एचआयव्हीबाधिताला आपली लागण गुप्त ठेवण्याचा हक्क दिला. पण गुप्तता निराळी आणि मुकेपणा निराळा. पहिली माणसाला जपते. दुसरा त्याला मारतो.

तेव्हा वाचकहो, घरातले कोणी खाली मान घालून 'जरा त्रास आहे' म्हणाले, तर 'कसा झाला?' असे विचारू नका. 'दवाखान्यात कधी जायचं?' एवढेच विचारा, आणि बरोबर जा.