जळक्या डोंगरावर आधी चाक थांबवा

होळी ते मृग या दिवसांत सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर कुठेही उभे राहा, एखादा तरी डोंगर काळा पडलेला दिसतोच. कुणी बांध जाळताना वारा सुटला, कुणी पेटती विडी टाकली, तर कुणी ‘जाळलं की गवत जोमानं येतं’ म्हणून मुद्दाम काडी लावली. वणवा विझतो, पंचनामा होतो आणि जून आला की वृक्षारोपणाचे खड्डे मोजले जातात. मधल्या काळात त्या जळक्या रानावरून किती गाड्या फिरल्या, हे मात्र कुणी विचारत नाही.

विचारायला हवे. वणव्यात वरचे गवत जळते, पण मारवेलसारख्या गवताचे ठोंब आणि बऱ्याच झुडपांची मुळे जमिनीत जिवंत असतात. पहिल्या पावसावर ती पुन्हा फुटतात. मात्र पालापाचोळा जळून गेल्याने माती उघडी पडलेली असते. तिच्यावरून जीप किंवा ट्रॅक्टर गेला की ठोंब चेंगरतात, माती दाबली जाते, चाकोरी पडते. दाबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, ते चाकोरी धरून पळते. आज चाकोरी, पुढे ओघळ आणि त्यापुढे घळ, असा हा प्रवास आहे. वाहून गेलेली माती खालच्या नाला बांधात नि पाझर तलावात बसते. म्हणजे पाणलोटाच्या कामावर घातलेला पैसा आणि श्रमदान वरच्या चाकाने वाया जाते. शिवाय टायरच्या खाचांत अडकून गाजरगवताचे बी डोंगरावर पोचते, ते वेगळेच.

ही चाके कुणाची? काही सुटीच्या दिवशी येणाऱ्या शहरी हौशी मंडळींची. वाट नसलेल्या उतारावर गाडी चढवण्यात त्यांना मौज वाटते. काही आपल्याच गावची. जळके लाकूड किंवा मुरूम भरायला ट्रॅक्टर वर जातातच, हे कबूल करायला हवे. तिसरा वर्ग गरजेचा आहे. पलीकडे शेत असलेला शेतकरी, वाडीला जाणारा पाण्याचा टँकर, आजारी माणसाला आणणारी गाडी. पहिल्या दोघांना थांबवायचे आहे, तिसऱ्याला नाही. सगळ्यांना मिळून एकच फाटक लावले, तर जीपवाला ओळख सांगून आत जातो आणि मोटारसायकलवर खताची गोणी नेणारा तेवढा अडतो. असा अनुभव आला की लोक फाटकच उपटून टाकतात.

कायद्यात याला वाट आहे. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २५ नुसार राखीव वनातील सार्वजनिक किंवा खासगी रस्ता वनाधिकाऱ्याला बंद करता येतो. त्याला राज्य सरकारची किंवा सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. अट एकच, सोयीची दुसरी वाट असली पाहिजे किंवा करून दिली पाहिजे. कलम २६ प्रमाणे राखीव वनात विनापरवाना शिरणे हा गुन्हा आहे. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे. वणवा मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लागला असेल, तर सरकार त्या वनातील चराईचे आणि वनोपजाचे हक्क काही काळ स्थगित करू शकते. म्हणजे गुराख्याचा पाय थांबवण्याची सोय आहे, मग मोटारीच्या चाकाला मोकळीक का?

गायरानाची गोष्ट निराळी. जमीन सरकारी असली तरी ती गावाच्या गुरांसाठी आहे आणि तिची राखण ग्रामपंचायतीने करायची आहे. तिथे ग्रामसभेचा ठराव करून तो तहसीलदारांना कळवावा. मात्र शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट अडवू नये. तशी वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतात. ज्या गावांना २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले आहेत, त्यांचे काम त्याहून सोपे आहे. सामूहिक वनात कुणी, कसे यायचे हे ठरवण्याचा अधिकार कलम ५ ने ग्रामसभेलाच दिला आहे.

लोक ऐकतील का, ही शंका रास्त आहे. पण कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी महाराष्ट्रातल्या गावांनी ठराव करून पाळून दाखवली आहे. माथेरानला खासगी मोटार दस्तुरी नाक्यावरच थांबते. कासला फुलांच्या हंगामात गाड्या वाहनतळावर उभ्या राहतात आणि तिथली व्यवस्था आसपासच्या गावांच्या समित्या पाहतात. या दोन्ही ठिकाणची कारणे वेगळी आहेत, वणव्याची नाहीत. पण चाक थांबवता येते एवढे त्यातून नक्की दिसते.

तेव्हा जळक्या डोंगरासाठी किमान दोन पावसाळे ‘चाकबंदी’ करावी. वनरक्षक, पोलीस पाटील आणि ग्रामसेवक यांनी एकत्र शिवारफेरी करून कोणती वाट गरजेची ते ठरवावे. ती एकच उघडी ठेवावी, पुन्हा वणवा लागला तर विझवायला जाण्यासाठीही तीच उपयोगी पडेल. बाकीच्या चाकोऱ्यांच्या तोंडाशी दगड रचावेत आणि पाणी पळू नये म्हणून पावसाआधी आडवे चर काढावेत. सवलत कुणाला, हे नावागणिक नव्हे तर कामागणिक फळ्यावर लिहावे. आणि पहिला ट्रॅक्टर अडवायचा तो गावातल्या वजनदार माणसाचा. तसे झाले तरच बाहेरची जीप अडवण्याचे तोंड गावाला राहील.

वनालगतच्या गावातील सरकारी नोकरांनी वणव्याची खबर द्यावी आणि विझवायला हात लावावा, हे कलम ७९ ने बंधनकारक केले आहे. पण आग विझली म्हणजे काम संपले असे नाही. १ मेची ग्रामसभा पावसाच्या तोंडावरच येते. त्या दिवशी रोपांच्या मागणीआधी हा ठराव घ्यावा. मुळे जिवंत राहिली तर बराचसा डोंगर आपला आपण हिरवा होतो.